सह्याद्रीचा प्रश्न : न घेतलेल्या निर्णयाची किंमत

गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रातील वृत्तपत्रवाचकांना काही गावांची नावे केवळ पावसाळ्यातील दुर्घटनांमुळे ठाऊक झाली आहेत. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील जुई आणि दासगाव ही गावे दरडींखाली सापडली. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून १५१ माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच दिवशी महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी ढिगाऱ्याखाली गेली. तेथे २७ मृतदेह हाती लागले आणि उरलेल्या ५७ जणांचा शोध थांबवावा लागला. पुढील वर्षी, ३० जुलै २०२४ रोजी, याच पर्वतरांगेच्या दक्षिण टोकाकडे केरळातील वायनाड जिल्ह्यात अडीचशेहून अधिक बळी गेले.

वायनाडच्या दुर्घटनेनंतर दुसऱ्याच दिवशी, ३१ जुलै २०२४ या तारखेची, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची एक अधिसूचना निघाली. पश्चिम घाटातील सहा राज्यांमधील सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र 'परिस्थितिकीदृष्ट्या संवेदनशील' म्हणून घोषित करण्याचा तो मसुदा होता. वाचणाऱ्यास वाटावे की सरकार दुर्घटनेने जागे झाले. वस्तुतः तो या विषयावरील सहावा मसुदा होता. पहिला मार्च २०१४ मध्ये, दुसरा सप्टेंबर २०१५ मध्ये, तिसरा फेब्रुवारी २०१७ मध्ये, चौथा ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि पाचवा जुलै २०२२ मध्ये निघाला होता. मसुदा काढावा, हरकती मागवाव्यात, राज्यांनी विरोध करावा, मुदत संपून मसुदा निरस्त व्हावा आणि पुन्हा तोच मसुदा काढावा, असा हा क्रम दहा वर्षे चालला.

या दिरंगाईला आपण सरकारी कारभाराची सुस्ती म्हणून सोडून देतो. तसे ते नाही. निर्णय न घेणे हादेखील एक निर्णयच असतो. त्याला किंमत असते, ती कोणाला तरी मोजावी लागते आणि त्यापासून कोणाचा तरी लाभ होत असतो. पश्चिम घाटाच्या वादाकडे या दृष्टीने पाहिल्याखेरीज 'विकास की पर्यावरण' या झिजून गुळगुळीत झालेल्या प्रश्नापलीकडे आपण जाऊ शकणार नाही.

दोन अहवाल

या प्रकरणाचा आरंभ मार्च २०१० मधला. केंद्र सरकारने डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी आपला अहवाल सादर केला. सरकारने तो दडवून ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल २०१२ मध्ये तो उघड करण्याचा आदेश दिला, तेव्हा मंत्रालय त्या आदेशाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तेथेही दाद न मिळाल्यावर मे २०१२ मध्ये अहवाल लोकांसमोर आला. ज्या अहवालाने लोकांना विचारून निर्णय घ्या असे सांगितले, तोच लोकांपासून लपवण्यासाठी सरकारने न्यायालयाची पायरी चढावी, यातच पुढील साऱ्या प्रकरणाचे बीज होते.

गाडगीळ समितीची भूमिका थोडक्यात अशी होती. संपूर्ण घाटप्रदेश संवेदनशील मानावा, परंतु सर्वत्र एकच नियम लावू नये. संवेदनशीलतेच्या तीन प्रती कराव्यात आणि प्रत्येकीत निर्बंध कमीअधिक असावेत. महत्त्वाचे हे की समितीने आखलेल्या या सीमा तात्पुरत्या होत्या. ग्रामसभांपर्यंत जाऊन चर्चा व्हावी आणि मगच त्या निश्चित व्हाव्यात, असा तिचा आग्रह होता.

हा अहवाल फार कडक आहे असा राज्यांचा आरडाओरडा झाल्यावर ऑगस्ट २०१२ मध्ये डॉ. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा कार्यगट नेमण्यात आला. त्याने एप्रिल २०१३ मध्ये अहवाल दिला. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून त्याने घाटाचे दोन भाग केले : माणसांची वस्ती, शेती, बागायती असलेला 'सांस्कृतिक' भूप्रदेश आणि उरलेला 'नैसर्गिक' भूप्रदेश. यांपैकी दुसऱ्यातील मोठा भाग, म्हणजे एकूण क्षेत्राच्या सुमारे ३७ टक्के, संवेदनशील ठरवावा आणि तेथे खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीजप्रकल्प, अतिप्रदूषक उद्योग आणि मोठ्या बांधकामांचे प्रकल्प यांना बंदी असावी, अशी शिफारस त्याने केली. पुढील सर्व मसुदे या दुसऱ्या अहवालावर बेतलेले आहेत.

दोन्ही अहवालांचे गुणदोष आहेत. पहिला व्यापक होता, पण आपल्याकडील स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रत्यक्ष दुर्बलतेचा विचार करता त्याची अपेक्षा मोठी होती. दुसरा आटोपशीर होता, पण आकाशातून पाहून गाव ठरवताना गावाला विचारण्याचे त्याने सोडून दिले. मौजेची गोष्ट म्हणजे पहिला कडक म्हणून नाकारला गेला आणि त्यावर उतारा म्हणून आलेला दुसराही कडक म्हणूनच अडवला गेला. मूळ ५९,९४० चौरस किलोमीटरचे क्षेत्र पहिल्या मसुद्यात ५६,८२५ वर आले, कारण केरळच्या आग्रहाखातर त्या राज्याचे क्षेत्र १३,१०८ वरून ९,९९३ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. त्यानंतर महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक यांनीही वगळण्याच्या गावांच्या याद्या किंवा संपूर्ण विरोध नोंदवला. एकास सवलत मिळाली की इतरांस ती हक्काची वाटू लागते, हे राजकारणात नवे नाही.

भीती खरी, तिचा उपयोग मात्र दुसऱ्यांना

घाटातील गावे या अधिसूचनेला विरोध करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपली जमीन जाईल, घर दुरुस्त करता येणार नाही, जमीन विकता येणार नाही, गोठा बांधायलाही परवाना लागेल, अशी तेथील शेतकऱ्यांची समजूत आहे. मसुदा वाचला तर यांतील बहुतेक गोष्टींना आधार सापडत नाही. शेतीवर बंदी नाही, कोणाचे विस्थापन नाही, मालकीहक्काच्या हस्तांतरणावर निर्बंध नाही आणि राहत्या घराची दुरुस्ती वा विस्तार करण्यासही आडकाठी नाही. बांधकामावरील बंदी वीस हजार चौरस मीटर वा त्याहून मोठ्या प्रकल्पांना आहे. पोलादपूर किंवा भुदरगड तालुक्यातील कोणता शेतकरी वीस हजार चौरस मीटरचे घर बांधावयास निघाला आहे?

तथापि, शेतकऱ्याची भीती निव्वळ अज्ञानातून आली आहे असे म्हणणे हा शहरी माणसाचा उद्दामपणा ठरेल. धरणे आणि अभयारण्ये यांसाठी ज्यांच्या आजोबांनी व वडिलांनी गावे सोडली, पुनर्वसनाचे कागद घेऊन ज्यांनी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, त्यांनी सरकारी कागदातील 'विस्थापन होणार नाही' या तीन शब्दांवर विश्वास का ठेवावा? महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली आणि माथेरान २००३ साली संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाले. तेथील अनुभव असा की धनवंतांची बांधकामे वाट काढतात आणि स्थानिक माणूस मात्र लहानसहान परवानग्यांसाठी हेलपाटे घालतो. नोकरशाहीच्या हाती नुसते नियम दिले की त्यांचे काय होते, याची दखल गाडगीळ समितीनेही आपल्या अहवालात घेतली होती. नियम जितका अस्पष्ट आणि तो राबवणारा जितका दूरचा, तितका त्याचा भार गरिबावर अधिक पडतो.

यातून एक विलक्षण युती घडून आली आहे. अडचण होते खाणपट्टेदाराची, दगडखाणवाल्याची, डोंगरउतारावर भूखंड पाडणाऱ्याची. भीती असते शेतकऱ्याची. मोर्चा निघतो तो शेतकऱ्याच्या नावाने, आणि त्याचे फळ पडते ते पहिल्या मंडळींच्या पदरात. लोकप्रतिनिधीलाही हे सोयीचे असते. मसुद्यात काय आहे हे समजावून सांगण्यापेक्षा 'आम्ही तुमचे गाव वगळून आणू' असे आश्वासन देणे त्याला सोपे जाते.

हरकतींची पद्धतही पाहण्यासारखी आहे. मसुदा निघाल्यापासून साठ दिवसांत नागरिकांनी आपले म्हणणे मंत्रालयाकडे पाठवायचे असते. मसुद्याची भाषा कायद्याची. ज्याची हरकत मागवायची तो कोकणात वा मावळात भाताची लावणी करतो. २०२२ चा मसुदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात निघाला आणि २०२४ चा जुलैच्या अखेरच्या दिवशी. लावणीच्या चिखलात उभ्या असलेल्या माणसाने त्याच साठ दिवसांत दिल्लीच्या अधिसूचनेवर लेखी हरकत घ्यावी, अशी ही व्यवस्था आहे. याला लोकांचे मत घेणे म्हणता येत नाही.

याउलट ज्यांनी आपण होऊन मत दिले त्यांचे काय झाले? सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी आणि दोडामार्ग तालुक्यांतील २५ गावांनी ग्रामसभांचे ठराव करून आमचे गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, अशी मागणी गाडगीळ समितीपुढे केली होती. खाणींचे संकट त्यांच्या दारात उभे होते. पुढे कस्तुरीरंगन गटाची यादी आली तेव्हा दोडामार्ग तालुका तीबाहेर राहिला. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने या पट्ट्याला संरक्षण देण्याविषयी केंद्राला निर्देश दिले, ते मार्च २०२४ मध्ये. ज्यांनी मागितले त्यांना मिळाले नाही, आणि ज्यांना नको होते त्यांना न विचारता यादीत घातले गेले. ग्रामसभेला विचारण्याची पद्धत असती तर हे दोन्ही अन्याय टळले असते.

मसुद्याच्या काळात काय होते?

मसुदा अंतिम होत नाही तोवर सारे मोकळे रान असते, असे मात्र नाही. १३ नोव्हेंबर २०१३ च्या आदेशाने केंद्राने या क्षेत्रातील नव्या खाणी व मोठे प्रकल्प यांना अंतरिम बंदी घातली आणि त्या आदेशाचा काही उपयोग निश्चितच झाला. परंतु अंतरिम बंदी आणि अंतिम व्यवस्था यांत फार अंतर असते.

एक उदाहरण घेऊ. मसुद्यातील तरतूद अशी की चालू असलेल्या खाणी अंतिम अधिसूचनेच्या तारखेपासून पाच वर्षांत, अथवा पट्ट्याची मुदत आधी संपत असेल तर तेव्हा, बंद कराव्यात. म्हणजे पाच वर्षांची मोजणी सुरू होते ती अंतिम अधिसूचनेपासून. पहिला मसुदा २०१४ साली अंतिम झाला असता तर ती मुदत २०१९ साली संपली असती. अधिसूचनाच निघाली नाही, म्हणून मोजणी सुरूच झाली नाही. प्रत्येक निरस्त मसुद्यागणिक खाणवाल्याला काही वर्षे बहाल झाली आणि त्यासाठी सरकारला कोणताही आदेश काढावा लागला नाही.

दुसरे उदाहरण जमिनीचे. निर्बंध येणार की नाही, आले तर कोणत्या गावात, हे अनिश्चित असले की जमिनीचा बाजार माहितीवर चालत नाही, अफवेवर चालतो. ज्याच्यापाशी पैसा आहे आणि थांबण्याची ताकद आहे तो अशा बाजारात खरेदीदार असतो. ज्याला मुलीचे लग्न, आजारपण वा सावकाराचे देणे निभवायचे आहे तो विक्रेता असतो. 'उद्या जमीन विकता येणार नाही' ही अफवा कोणाच्या पथ्यावर पडते हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे, मोठ्या प्रकल्पांवरील बंदीच्या खाली राहून जे घडते ते अंतरिम आदेशात येतच नाही. उतार कापून केलेले रस्ते, पायथा खणून तयार केलेले सपाट भूखंड, नैसर्गिक ओढे बुजवून उभी केलेली विश्रामगृहे, ही कामे एकेक घेतली तर लहान असतात. एकत्रितपणे ती डोंगराचा पाणी वाहून नेण्याचा मार्गच बदलतात. त्यासाठी स्थानिक पातळीवर नियोजन हवे, आणि ते नियोजन अंतिम चौकटीखेरीज होत नाही. या बाबतीत राज्य शासनाचे धोरणही एकसूत्री नाही. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांचा समावेश असलेली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जुलै २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, याचा आपण अभिमान बाळगतो. त्याच कोयनेच्या परिसरात 'नवे महाबळेश्वर' वसवण्यासाठी २०१९ साली रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले आणि त्या प्रकल्पातील गावांची संख्या पुढे २३५ पर्यंत वाढवण्यात आली. जुन्या महाबळेश्वरचे काय झाले याचा हिशेब पुरा होण्याआधीच नव्याची आखणी सुरू झाली.

लाभ खाली, खर्च वर

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. अर्थशास्त्रात 'बाह्य परिणाम' नावाची एक साधी कल्पना आहे. एखाद्या कृतीचा खर्च वा लाभ ती कृती न करणाऱ्यांच्या वाट्याला आला आणि त्याची किंमत बाजारात कोणीच चुकती केली नाही, म्हणजे समाजाला हवे त्याहून त्या गोष्टीचे उत्पादन जास्त तरी होते किंवा कमी तरी. कारखान्याचा धूर हे पहिल्याचे उदाहरण. डोंगरावरचे रान राखणे हे दुसऱ्याचे.

गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते, भीमा भीमाशंकरला आणि कृष्णा महाबळेश्वरला. म्हणजे सोलापूरच्या शेतकऱ्यापासून आंध्रातील भातशेतीपर्यंत कोट्यवधी लोकांचे पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर ठरते. कोयनेची वीज राज्यभर जाते. मुंबई भातसा, वैतरणा आणि तानसा यांचे पाणी पिते, आणि ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी जाते तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. लाभ खालच्या शहरांना आणि पठाराला मिळतो. डोंगर न फोडण्याचा, झाड न तोडण्याचा, खाणीला 'नाही' म्हणण्याचा खर्च मात्र वरच्या गावाने सोसावा, अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा नीतीच्या दृष्टीने अन्यायाची आहे आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने फोल आहे, कारण मोबदल्याविना कोणी फार काळ दुसऱ्याची ठेव सांभाळत नाही.

या संदर्भात शासनाच्या तिजोरीचे नियम काय सांगतात ते पाहावे. २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. खाणपट्टेदार स्वामित्वधनाशिवाय त्याच्या काही टक्के रक्कम, जुन्या पट्ट्यांच्या बाबतीत ३० टक्के, या प्रतिष्ठानाला देतो आणि ती खाणग्रस्त गावांसाठी खर्च व्हावी अशी तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. पण तिचा दुसरा अर्थ असा की डोंगर फोडू दिला तर गावासाठी निधी उभा राहतो आणि डोंगर राखला तर काहीच मिळत नाही. दरड कोसळून माणसे गेली की शासन मृतामागे मदत जाहीर करते; इर्शाळवाडीच्या वेळी ती पाच लाख रुपये होती. डोंगर फुटल्यावर पैसा आहे, माणूस मेल्यावर पैसा आहे, परंतु डोंगर आणि माणूस दोन्ही शाबूत राहावेत यासाठी गावाच्या हाती पडेल असा पैसा नाही.

राखलेल्या वनासाठी देशात पैसा मुळीच दिला जात नाही, असेही नाही. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ठरवताना वनाच्छादनाला साडेसात टक्के भार दिला आणि पंधराव्या आयोगाने वने व परिस्थितिकी यांचा भार दहा टक्के केला. म्हणजे ज्या राज्यात वने अधिक त्याला अधिक वाटा, हे तत्त्व मान्य झाले आहे. परंतु हा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो आणि तेथून तो कोठे जातो हे वन राखणाऱ्या गावाला कधी कळत नाही. गावाच्या वनाच्या नावे मिळालेला पैसा शहरातील उड्डाणपुलासाठी खर्च झाला तरी त्यात बेकायदा असे काही नाही. वन राखणाऱ्याचा मोबदला राज्याच्या राजधानीत येऊन थांबतो, हे या प्रश्नाचे खरे दुखणे आहे.

रोजगाराचा प्रश्न

यावर असे म्हटले जाईल की गावाला दान नको, रोजगार हवा. आणि खाण, कारखाना वा पर्यटन यांवाचून तो कोठून येणार? हा आक्षेप गंभीर आहे. घाटातील आणि कोकणातील तरुण मुंबई-पुण्याची वाट धरतो, गावे म्हाताऱ्यांची होतात, हे दुःख खोटे नाही. परंतु खाणीच्या रोजगाराचे काय होते, याचा धडा आपल्याला शेजारच्या गोव्यात मिळाला आहे. खनिजाला परदेशी मागणी आली तेव्हा तेथे मर्यादेचे भान राहिले नाही. शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणकाम थांबले, पुढे ते काही काळ सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली. या चढउतारात ज्यांनी कर्ज काढून मालमोटारी घेतल्या होत्या त्यांचे हाल झाले. ज्यांनी खनिज परदेशी पाठवले त्यांची कमाई आधीच झाली होती. निर्बंध नसणे म्हणजे रोजगाराची हमी, असा समज यापुढे तरी कोणी बाळगू नये. वेळीच घातलेली मर्यादा कामगाराच्याही हिताची असते.

गाव आपले वन राखू शकते काय, या प्रश्नाचे उत्तरही महाराष्ट्रातच आहे, जरी ते सह्याद्रीपासून दूर, गडचिरोली जिल्ह्यात असले तरी. मेंढा-लेखा या गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ते गाव आपला बांबू स्वतः विकू लागले. तेथे आधी हक्क आला, मग उत्पन्न आले आणि त्यांच्या आधाराने राखण्याची जबाबदारी टिकली. आपल्या अधिसूचना हा क्रम उलटा लावतात : आधी जबाबदारी, हक्क संदिग्ध आणि उत्पन्न पुढे केव्हातरी.

ग्रामसभा नेहमीच शहाणपणाचा निर्णय घेतील असे मात्र मला म्हणावयाचे नाही. काही गावे खाणीला होकार देतील, काही पुढाऱ्याच्या दबावाखाली वाकतील. म्हणूनच मोठ्या खाणी, तीव्र उतारांवरील खोदकाम आणि अतिप्रदूषक उद्योग यांची मर्यादा देशपातळीवर ठरली पाहिजे. तिच्याबाबत गावागावांत मतदान होऊ शकत नाही, कारण नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या लोकांना त्या सभेत मत नसते. मात्र या मर्यादेच्या आत गावाच्या जमिनीचे नियोजन कसे व्हावे, हे गावाने ठरवले पाहिजे.

करावयाचे काय?

पहिली गोष्ट, मसुद्यांची ही मालिका थांबली पाहिजे. सहाही राज्यांचे एकमत होण्याची वाट पाहावयाची तर ती कधीच संपणार नाही. ज्या राज्याचे क्षेत्र निश्चित झाले तेथे टप्प्याटप्प्याने अंतिम व्यवस्था लागू करावी.

दुसरी गोष्ट, प्रत्येक गावाला त्याचा नकाशा गट क्रमांकांसह मराठीत मिळावा. कोणत्या जमिनीवर काय करता येईल आणि काय नाही, हे एका पानात सांगता येते. तो कागद घेऊन ग्रामसभा व्हावी ती शेतीची कामे उरकल्यावर, माघ-फाल्गुनात. भाताच्या लावणीत नव्हे. ज्या गावांनी स्वतःहून संरक्षण मागितले आहे त्यांना आधी न्याय मिळावा.

तिसरी गोष्ट पैशाची. वनांच्या आधारे राज्याला जो वाढीव वाटा मिळतो त्यातील ठरावीक हिस्सा थेट संबंधित ग्रामपंचायतींना देण्याचा कायदा राज्याने करावा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांच्या पाणीपट्टीवर अल्पसा अधिभार बसवून तो उगमक्षेत्रातील गावांसाठी राखून ठेवावा. शहरातील कुटुंबाला तो जाणवणारही नाही, आणि डोंगरातील गावाला मात्र आपले रान ही केवळ अडचण नसून मिळकत आहे, असे प्रथमच वाटेल.

चौथी गोष्ट सर्वांत निकडीची आणि ती अधिसूचनेवर अवलंबून ठेवता कामा नये. प्रत्येक दरड खाणीमुळे वा बंगल्यांमुळे कोसळते असे नाही. इर्शाळवाडीला तर धड रस्ताही नव्हता. अतिवृष्टी, खडकाची झीज आणि उतारांवरील बदल यांचा वाटा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. पण इर्शाळवाडी शासनाच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे शासनानेच सांगितले. यादी अपुरी आहे, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको. वाडीवस्तीनिहाय पाहणी, स्थानिक पर्जन्यमापके आणि शेतापासून फार दूर नसलेल्या जागी संमतीने पुनर्वसन, एवढे काम राज्य स्वतःच्या अधिकारात करू शकते. माळीणचे नवे गाव आमडे येथे २०१७ साली उभे राहिले. ते दुर्घटनेआधी उभे राहणे अशक्य होते काय?

या पानाचे वाचक बहुतेक शहरांत आणि तालुक्यांच्या गावी राहणारे, पगारावर जगणारे आहेत. सह्याद्रीचे पाणी आपण पितो, पावसाळ्यात त्याचे धबधबे पाहावयास जातो आणि जमलेच तर तेथे एखादा भूखंडही घ्यावा असे आपल्याला वाटते. त्यामुळे हा वाद डोंगरातील लोकांचा आणि सरकारचा आहे, आपण केवळ प्रेक्षक आहोत, असे मानण्याचा आपल्याला अधिकार नाही. पाणीपट्टीवरील अधिभाराला आपण विरोध करणार की नाही, भूखंड घेताना उतार कापला आहे काय हे विचारणार की नाही, आपल्या आमदाराला 'गावे वगळली का' याऐवजी 'गावांना विचारले का' असा प्रश्न करणार की नाही, यावरही बरेच अवलंबून आहे. घाटातील शाळांत शिक्षक आहेत, तहसील कचेऱ्यांत कारकून आहेत. अधिसूचनेचा मसुदा ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवण्याचे काम त्यांच्यापैकी कोणीही करू शकतो, आणि त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

डोंगर कोसळल्यावर मदतकार्य तत्परतेने होते, मंत्री चिखलातून चालत जातात, लोक सढळ हाताने देतात. त्या औदार्याचा अल्पसा अंश दुर्घटनेपूर्वीच्या कंटाळवाण्या कामाला, म्हणजे नकाशे, ठराव, अंदाजपत्रक आणि मुदतीत घेतलेला निर्णय यांना, मिळाला तर माळीण, तळिये आणि इर्शाळवाडी यांच्या यादीत आणखी नावे लिहिण्याची वेळ कदाचित येणार नाही. निर्णय न घेतल्याची किंमत आजवर या गावांनी भरली आहे. ती यापुढे त्यांच्याकडून वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.